वाजवून घेतलेलं दार

बाबांनी मूठ वळली, मधल्या बोटाचं पेर पुढे काढलं आणि दारावर टकटक केली. मग डोळे मिटून दाराला कान लावला.

“काका, कंपोझिट आहे ते,” शोरूममधला टायवाला विक्रेता म्हणाला. “वाजवून काही कळणार नाही.”

“मला कळतं,” बाबा म्हणाले. “आत काय आहे?”

“आत दाबून भरलेला फोम, कडेनं लाकूड आणि वरून फायबर. सगळं मिळून एक दार. परदेशात घरोघरी हेच असतं.”

“पावसात फुगेल?”

“नाही.”

“देवरुखचा पाऊस पाहिलाय तुम्ही?”

विक्रेत्यानं तो पाहिलेला नव्हता. बाबांनी तो त्याला जून ते सप्टेंबर सविस्तर सांगितला. मग वाळवी झाली, ऊन झालं, रंग झाला, बिजागऱ्या झाल्या. विक्रेत्यानं टाय सैल केला. मी जेवणाच्या डब्याची पिशवी धरून त्या दारांच्या रांगेत उभी होते. एवढी दारं, आणि एकाच्याही मागे घर नव्हतं.

“याआधी कोणाकडे बसवलंय असं दार?” बाबांनी विचारलं. “नाव-पत्ता द्या. मी जाऊन बघून येईन.”

“जाऊन? काका, दारासाठी?”

“मग? आयुष्यभराचा प्रश्न आहे.”

बाबांचं, म्हणजे दत्तूशेट रेडीजांचं, देवरुखात किराणा-भुसाराचं दुकान होतं. नारळ, फणस, माठ, जे हाताला लागेल ते वाजवून घ्यायची त्यांची सवय. आमचं जुनं दार फणसाच्या लाकडाचं होतं आणि दर पावसाळ्यात ते असं काही फुगून बसायचं की आतून ओढायला एक आणि बाहेरून लाथ मारायला एक, अशी दोन माणसं लागत. शेवटी बाबांनी ठरवलं, आता असं दार आणायचं की पुन्हा त्याच्याकडे बघायला नको. म्हणून आम्ही कोल्हापूरला आलो होतो.

खरं तर त्या महिन्यात आमच्या घरात दोन गोष्टी ठरायच्या होत्या, दार आणि माझं लग्न. चिपळूणच्या खातूंचा मुलगा, हृषीकेश, पुण्यात कंपनीत होता. परतीच्या वाटेवर एस.टी. स्टँडवर उभे असतानाच त्याचा फोटो माझ्या मोबाइलवर आला. मी तो बाबांपुढे धरला.

“बरा आहे,” बाबा म्हणाले. “त्या दाराचा फोटो काढलास ना? तो दाखव जरा.”

तो मात्र त्यांनी दोन बोटांनी मोठा करून, बिजागरी-बिजागरी निरखून पाहिला. साखरपा आलं तरी फोन त्यांच्याच हातात होता.

मला भीती वाटत होती, हे सरळच सांगते. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करत होते, दिवसभर लोकांना सुया टोचत होते, तशी मी भित्री नव्हे. पण आमच्याकडची रीत मला ठाऊक होती. मुलाकडचे यायचे, पोहे खायचे, हो म्हणायचे, आणि तिथल्या तिथे सुपारी फुटायची. सुपारी फुटली की ठरलं. माझ्या दोन्ही चुलतबहिणींच्या सुपाऱ्या त्यांच्या हातातला चहाचा ट्रे खाली ठेवायच्या आधी फुटल्या होत्या. आणि मला त्या मुलाबद्दल एका फोटोपलीकडे काही म्हणजे काही माहीत नव्हतं.

“अहो, मुलाची जरा चौकशी करायला हवी,” आई एक दिवस म्हणाली.

“खातूंच्या मुलाची चौकशी?” बाबा खळखळून हसले. “त्यांचं घराणं ठाऊक नाही असा माणूस आहे का जिल्ह्यात?”

“घराणं ठाऊक आहे हो. मुलगा कुठे ठाऊक आहे?”

“मुलगा घराण्यातच आहे ना? बाहेर कुठे आहे?”

आणि ते चपला घालून संगमेश्वरला निघाले. तिथे एका डॉक्टरांकडे तसलं दार बसवलेलं होतं. बाबा त्या अनोळखी घरात सबंध सकाळ बसले, चहा प्यायले, घरच्या बाईंना दार उघडायला लावलं, मिटायला लावलं. “रागानं आपटलं तर कसं वागतं?” असंही विचारलं. बाईंनी आपटून दाखवलं. बाबा समाधानानं परत आले.

मी म्हटलं, “बाबा, मला त्या मुलाशी एकदा फोनवर बोलायचंय.”

“अगं, पाहायला येतायत ना? समोरासमोर बघ की.”

“सगळ्यांच्या समोर काय बोलणार मी?”

“बोलायचं काय असतं त्यात?” बाबांच्या हातात रंगांची पट्टी होती. “हा मरून बरा की हा सागवानी? सावंत म्हणतो मरून. पोस्टमन म्हणाला सागवानी.”

रंगाबद्दल त्यांनी अख्ख्या आळीला विचारलं. भटजींना विचारलं, दुकानात मिठाला आलेल्या बायकांना विचारलं. शेवटी मरून ठरला. त्याच संध्याकाळी खातूंचा फोन आला आणि बाबांनी कोणालाही न विचारता त्यांना रविवारी यायला सांगितलं.

दार शनिवारी आलं. संगमेश्वरचा मिस्त्री आला, त्यानं जुनी चौकट उपटली, नवी बसवली आणि अंधार पडायच्या आत मोटरसायकलवर बसून गेला. दाराला दोन्ही बाजूंनी पातळ प्लॅस्टिक चिकटवलेलं होतं. ते काढायचं नाही, असं बाबांनी बजावलं. पाहुणे येऊन गेले की मगच काढायचं, तोवर ओरखडा नको. खिळा ठोकायचा नाही, भोक पाडायचं नाही, वॉरंटी जाते. त्यामुळे आईचं तोरण नारळाच्या टोपलीत पडून राहिलं.

दाराच्या मध्यावर एक लांबट फट होती आणि तिच्यावर पितळी झडप.

“ह्ये तोंड कशाला दाराला?” शालूआत्यानं विचारलं. ही बाबांची थोरली बहीण, विधवा, आमच्याकडेच असायची. बाबा घरात फक्त तिला घाबरत.

“टपाल टाकायला. परदेशात असतं.”

“आणि त्यातून साप आला तर?”

विक्रेत्याला हा प्रश्न विचारायचा राहिला, याची बाबांना रात्रभर चुटपुट लागली.

पण आत्याचं खरं दुःख वेगळं होतं. नव्या दाराला उंबरठाच नव्हता. खाली नुसती एक ॲल्युमिनियमची पट्टी. रविवारी सकाळी आंघोळ करून आत्या हळदीकुंकवाचं तबक घेऊन आली आणि पट्टीवर बोट टेकवलं, तर कुंकू घसरून लादीवर. पुन्हा लावलं, पुन्हा घसरलं.

“नवीन दार बिनपुजेचं ठेवतात काय?” ती पुटपुटली. मग तिची नजर वर गेली. कुलूप मात्र चांगलं झळझळीत, प्लॅस्टिकच्या बाहेर होतं. आत्यानं कुलपाची यथासांग पूजा केली. ओली हळद, ओलं कुंकू, त्यावर भिजवलेल्या अक्षता. एकदा बाहेरून, एकदा आतून. किल्लीच्या भोकावरची अक्षता पडायला लागली तेव्हा तिनं ती अंगठ्यानं नीट दाबून बसवली. मी बघत होते. नव्या मिक्सरलाही ती असंच करायची, म्हणून मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

पाहुणे दुपार टळताना आले. मुलगा, त्याची आई नलिनीताई आणि त्याचे बापूमामा. वडील नव्हते, ते मागेच वारले होते. नलिनीताई जरीकाठाची साडी आणि मोठी पर्स घेऊन सरळ आत येऊ लागल्या, तर बाबांनी त्यांना दारातच थांबवलं.

“आधी हे बघा. वाजवून बघा.”

नलिनीताईंनी आयुष्यात प्रथमच कोणाचं तरी दार वाजवून पाहिलं. मामांनीही वाजवलं. मुलगा फोनकडे बघत मागे उभा होता. त्यालाही वाजवायला लावलं. मग सगळ्यांना आत घेऊन बाबांनी दार मिटलं.

“आता हँडल वर उचलायचं. बघा, चार ठिकाणी बोल्ट आत गेले. आणि वरून किल्ली.” किल्ली जरा अडखळली. “नवीन आहे,” बाबा म्हणाले आणि जोर लावून फिरवली. “झालं. आता बाहेर हत्ती येऊ दे.”

हत्ती काही आला नाही. पोहे आले, ते मी घेऊन आले. नलिनीताईंनी मला नाव विचारलं, शिक्षण विचारलं, चष्मा कधीपासून आहे ते विचारलं. मुलानं एकदाच मान वर केली. तो वाईट दिसत नव्हता. पण परीक्षेला अभ्यास न करता बसलेल्या मुलासारखा त्याचा चेहरा होता.

“पोरगी चांगली आहे,” पोहे संपवून मामा म्हणाले. “ताई, काय?”

“घरी जाऊन कळवू,” नलिनीताई म्हणाल्या, पण हसून म्हणाल्या. म्हणजे होकारच. त्या उठल्या, पर्स खांद्याला लावली, आणि बाबांनी किल्ली घातली.

किल्ली अर्धीच आत गेली.

बाबांनी ती काढून फुंकली, पुन्हा घातली. हँडल खाली-वर केलं. मामांनी मदत केली. मग दोघांनी मिळून अशी काही मदत केली की कट्कन आवाज आला आणि बाबांच्या हातात किल्लीचं नुसतं डोकं राहिलं.

“मिस्त्रीला फोन करतो,” बाबा म्हणाले. मिस्त्री म्हणाला, येतो, पण रस्ता खणून ठेवलाय, वेळ लागेल.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या घराला मागचं दार होतं. ते साधं, लाकडी, कडी लावायचं दार होतं आणि त्या वेळी ते सताड उघडं होतं. स्वयंपाकघरातून चार पावलांवर परस, परसात विहीर, न्हाणीघर, संडास, आणि कडेनं पुन्हा अंगणात यायला चांगली फरसबंद पाखाडी. आमचं मांजर तेवढ्या वेळात त्या वाटेनं दोनदा जाऊन आलं होतं.

“मागनं जाता येईल,” आई हळूच म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे असं पाहिलं, जसं काही तिनं पाहुण्यांना कौलांवरून उड्या मारायला सांगितलं होतं.

“मुलगी बघायला पुढच्या दारानं आलो,” नलिनीताई म्हणाल्या, “आणि मागच्या दारानं जाऊ? संडासाच्या बाजूनं? चिपळूणभर होईल, की खातूंना रेडीजांनी मागच्या दारानं वाटेला लावलं.”

“छे, छे! मी जाऊ देणारच नाही,” बाबा म्हणाले.

“अपशकुन असतो तो,” आत्या म्हणाली. “लक्ष्मी जाते त्या वाटेनं.”

त्यामुळे एका बाजूनं सताड उघड्या असलेल्या घरात आम्ही सगळे कोंडले गेलो. पुन्हा चहा झाला. बापूमामांना दोन चहांनी जे व्हायचं ते झालं. ते मागच्या दारानं संडासाला गेले, हात-पाय धुतले, परसातली सुपारीची झाडं बघितली, आणि पुन्हा मागच्याच दारानं आत येऊन कैदेत बसले. त्यात कोणालाच काही विचित्र वाटलं नाही.

तेवढ्यात पुढच्या दाराची पितळी झडप वर झाली आणि फटीत शेजारच्या सावंतकाकांचे ओठ दिसले.

“दत्तूशेट, काय झालं? दार बघायला आलोय आम्ही सगळे.”

संध्याकाळी दार बघायला या, असं बाबांनीच आळीला सांगून ठेवलं होतं. खिडकीच्या गजांतून पाहिलं तर अंगण भरलेलं. बायका-माणसं प्लॅस्टिकवरून हात फिरवत होती.

“काही नाही, जरा लॉक बसलंय,” बाबा झडपेपाशी वाकून म्हणाले.

“चावी उलटी फिरवा!”

“मोडली.”

झडप खाली पडली. बाहेर सगळ्यांना सांगून झालं. मग ती पुन्हा वर झाली. “खोबरेल तेल घाला!” यानंतर आम्ही जे काही बोलू ते फटीपाशी ऐकलं जाणार हे उघड होतं, म्हणून नलिनीताई कुजबुजत बोलू लागल्या.

मुलगा उठला. “मला हात धुवायचेत.”

“वृंदा, विहिरीवर पाणी काढून दे,” आई म्हणाली. तिनं माझ्याकडे अशा काही नजरेनं पाहिलं की ते पाणी कशासाठी आहे हे मला कळलं. माझी आई फार बोलायची नाही, पण तिला पुष्कळ कळायचं.

विहिरीवर मी कळशी ओतली, त्यानं हात पुढे केले आणि पाणी बोटांतून वाहून गेलं. हात खराब झालेलेच नव्हते.

“तुम्हाला एक विचारू?” तो म्हणाला. “तुम्ही मला नाही म्हणाल का?”

“काय?”

“म्हणजे आता आत जाऊन सांगा, मुलगा पसंत नाही. उंची जास्त वाटली म्हणा, काहीही म्हणा. माझं पुण्यात ठरलंय. आमच्या ऑफिसात आहे ती. दोन वर्षं झाली. आमच्यातली नाही. आईला सांगायची हिंमत नाही होत माझी.”

मी कळशी काठावर ठेवली. खरं सांगायचं तर आधी मला हायसं वाटलं. मग संताप आला.

“मी नाही म्हटलं तर काय होईल ठाऊक आहे? खातूंचा मुलगा नाकारणारी, शेफारलेली, म्हणतील. पुढचं स्थळ यायचं नाही दोन वर्षं. आणि तुम्ही?”

“मी... मला थोडा वेळ मिळेल.”

“आणि मी काहीच बोलले नाही तर?”

त्यानं ओले हात पँटला पुसले. “मग आई हो म्हणेल. मग... करावं लागेल.”

“तिचं काय? पुण्यातलीचं?”

तो विहिरीत बघत राहिला. एवढा उंच, शिकलेला मुलगा, आणि स्वतःच्या तोंडचं एक वाक्य परक्या मुलीच्या तोंडात घालायला बघत होता. “चला आत,” मी म्हटलं.

आत आलो तेव्हा बाबा मामांना दाराचं माहितीपत्रक वाचून दाखवत होते. मी मधोमध उभी राहिले.

“बाबा, मला मुलगा पसंत आहे.”

आमच्याकडे मुलीनं असं आपणहून बोलायची पद्धत नव्हती. झडप हळूच वर झालेली मला दिसली. मग आत्यानंच टाळी वाजवली. “बघा, विहिरीवर काय जादू झाली!”

नलिनीताईंचा चेहरा उजळला. “मग मी तरी कशाला ताणू? आमचाही होकार.” त्यांनी पर्समधून साखरेची पुडी काढली. म्हणजे ती त्यांनी चिपळूणहूनच आणली होती. बाबांचे डोळे भरून आले. दार अडकलं तरी काम झालं, असं ते म्हणाले.

हृषीकेश भिंतीला टेकून उभा होता. त्याचा रंग खडूसारखा झाला होता. मी त्याच्याकडे बघत राहिले. बोल, म्हटलं मनात. आता तरी बोल.

तो बोलेना. साखर वाटून झाली. आत्यानं माझ्या कपाळाला कुंकू लावलं. बापूमामांनी तिथीचा विषय काढला, तुळशीच्या लग्नानंतरची पहिली तारीख धरू म्हणाले. आपण हे काय करून बसलो? हा गप्पच राहिला तर? हा आयुष्यभर असाच भिंतीला टेकून उभा राहणार, आणि मी याच्या शेजारी. पण मी त्याच्यावरची नजर काढली नाही.

“मग सुपारी फोडूनच टाकू,” मामा म्हणाले. “दार उघडेपर्यंत बसून तरी काय करायचंय?”

आईनं पाट मांडला. सुपारी आली, अडकित्ता आला. मामांनी सुपारी अडकित्त्यात धरली, देवाचं नाव घेतलं.

“मामा, थांबा!”

हृषीकेशचा आवाज चिरका आला, पण आला.

“मला हे लग्न करायचं नाही. माझं पुण्यात ठरलंय. आई, मी तुला सांगणार होतो.”

“हळू बोल!” नलिनीताईंनी झडपेकडे पाहिलं. फटीत आता सावंतकाकांचा नुसता कान होता.

“हळूच बोलत होतो इतकी वर्षं,” तो म्हणाला, आणि मोठ्यानं म्हणाला. “दीपाली डिसूझा नाव आहे तिचं.”

बाहेर अंगणात ते नाव या टोकापासून त्या टोकापर्यंत गेल्याचं आम्हाला आतूनही ऐकू आलं. त्याच वेळी ड्रिलचा घुर्र आवाज सुरू झाला. मिस्त्री पोहोचला होता. “भोक नको, वॉरंटी जाईल!” बाबा ओरडले, पण सवयीनं ओरडले.

नलिनीताई क्षणभर दाराकडे बघत उभ्या राहिल्या. पलीकडे अख्खी आळी होती. मग त्यांनी पर्स काखेत मारली, मुलाचा दंड धरला आणि त्या स्वयंपाकघरातून, मागच्या दारानं, संडासाच्या बाजूनं, परसाचं मागचं कुंपण ओलांडून निघून गेल्या. मामा अडकित्ता हातात घेऊनच मागोमाग धावले. तो पितळी अडकित्ता आत्याच्या सासरचा होता, तो पुढे कधीच परत आला नाही.

आणि पुढचं दार उघडलं. मिस्त्रीनं कुलपाचा तुकडा तळहातावर उपडा केला, त्यातून लाल रंगाचे चेचलेले तांदूळ पडले.

“हे काय आहे?” त्यानं विचारलं.

“अक्षता,” आत्या म्हणाली. तिनं ते दाणे उचलले, कपाळाला लावले आणि तुळशीत टाकून आली. त्यानंतर तिनं या विषयावर कधी चकार शब्द काढला नाही.

लोकांनी दार पाहिलं, वाजवलं, तोंड भरून कौतुक केलं. पाहुणे कुठे गेले असं कोणीही विचारलं नाही. सगळ्यांना सगळं ठाऊक होतं.

दिवेलागणीला बाबा दाराशी एकटेच होते. कुलपाच्या जागी गोल भोक होतं आणि ते नखानं प्लॅस्टिक सोलत होते. मी जवळ जाऊन उभी राहिले.

“विहिरीवरच सांगितलं त्यानं तुला?” त्यांनी मागे न बघता विचारलं.

“हो.”

“आणि तरी तू पसंत म्हणालीस? वेडी आहेस का? तो गप्प राहिला असता म्हणजे?”

“तर तुम्ही मला देऊन टाकलं असतंत.”

त्यांचा हात थांबला.

“दारासाठी कोल्हापूरला गेलात, बाबा. संगमेश्वरला त्या डॉक्टरांकडे सकाळभर बसलात. आपटून बघितलंत. आत काय आहे, पावसात काय होतं, सगळं विचारलंत. त्याला एक प्रश्न तरी विचारलात? मला तरी विचारलात?”

बाबा खाली पट्टीवर बसले. अर्धवट सोललेलं प्लॅस्टिक त्यांच्या खांद्यावर लोंबत होतं. मी त्यांना त्याआधी कधी रडताना पाहिलं नव्हतं. ते आवाज न करता रडले, आणि मग शर्टाच्या बाहीनं डोळे पुसून म्हणाले, “नाही विचारलं गं.”

त्यानंतर स्थळ बघायचं म्हणजे बाबांनी घरात उच्छाद मांडला. कुठलंही नाव आलं की हे निघाले. खोबऱ्याचा भाव विचारायच्या मिषानं मुलाच्या गावात जायचे, त्याच्या दूधवाल्याशी बोलायचे, शेजारणींकडे चहा प्यायचे, तो आईवर ओरडतो का ते विचारायचे. आणि घरी आले की आधी मला सांगायचे, आईलाही नंतर. मग विचारायचे, “तुझं काय म्हणणं?” शशांकचं स्थळ आलं तेव्हा तर ते गुहागरला मुक्काम ठोकून बसले. त्याला मी स्वतः भेटले, फोनवर बोलले, भांडलेसुद्धा, आणि मगच हो म्हटलं.

लग्नाच्या दिवशी पाठवणीच्या वेळी बाबांनी जावयाला मिठी मारली. सगळे डोळे पुसत होते. मी शशांकच्या मागेच उभी होते, म्हणून मला एकटीलाच दिसलं. त्याच्या पाठीवर बाबांची मूठ वळली, मधल्या बोटाचं पेर पुढे आलं, आणि त्यांनी हलकेच टकटक केली. डोळे मिटून क्षणभर कान त्याच्या खांद्याशी नेला.

मग त्याच्या खांद्यावरून माझ्याकडे बघून ते म्हणाले, “भरीव आहे.”